साडूचा हृदयरोग आणि माझा पाट

माझ्या धाकट्या साडूला हृदयरोग झाला आणि सासुरवाडीतली माझी किंमत एका दुपारीत उतरली.

मी भंडाऱ्याजवळच्या, वैनगंगेपलीकडल्या कारध्याचा, बैलांचा व्यापारी. दुसऱ्यांचे बैल अनवाणी हाकत बाजारात नेण्यापासून सुरुवात केली आणि पुढे माझ्याशिवाय आमच्या भागात जोडीचा सौदा पटेनासा झाला. (असं लोक म्हणत. मी फक्त ते सगळ्यांना सांगत असे.) आमचा सौदा तोंडाने होत नाही. दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकायचा आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबायची. जितकी बोटं, तितका भाव. हात सोडला की सौदा मोडला. वर चेहरे असे ठेवायचे, जणू मयतीला आलो आहोत.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि जावयांना बोलावणी येतात. मोठा जावई म्हणून सासुरवाडीत पितळी फुलांचा पाट माझा, पहिलं ताट माझं, वैनगंगेच्या मासोळीचं डोकं माझं. धाकटा साडू वरठीच्या कारखान्यात नोकरीला. मोटारसायकलवर यायचा आणि मुकाट सतरंजीवर बसायचा. सगळं कसं रीतीप्रमाणे चाललं होतं.

एका वर्षी ऐन मंडईच्या तोंडावर वरठीच्या स्टेशनात त्याच्या छातीत कळ आली. त्या काळी भंडाऱ्यात छातीला वायरी लावायची सोय नव्हती, म्हणून त्याला नागपूरला नेलं. तिथून तो परतला तो एक हात छातीवर ठेवूनच. मी मंडईला पोचलो, तर माझ्या पाटावर तो! पाठीशी लोड, आणि सासूबाई स्वतः पंख्याने वारा घालताहेत.

"हार्टचं आहे, साडभाऊ," तो पडेल आवाजात म्हणाला. हार्ट हा शब्द त्याने असा उच्चारला, जणू सरकारने त्याला ते बढती म्हणून दिलं आहे.

मी सतरंजीवर बसलो. मासोळीचं डोकं त्याच्या ताटात गेलं. (ताकद येते म्हणे. मला शेपूट आलं. शेपटाने काय येतं ते कोणी सांगितलं नाही.) सासरे दरवर्षी मला बैलांचं विचारत, यंदा त्याला झोपेचं विचारत होते. मी विषय बदलायला बैलांच्या भावाबद्दल जरा आवाज चढवला, तर सासूबाईंनी तोंडावर बोट ठेवलं.

"जवाईबापू, हळू बोला जी. लहान्या जवायाले धक्का बसंल."

बाजारात माझ्या आवाजाने बैल उठून उभे राहतात. अशा मला हळू बोलायला सांगितलं!

परतताना मी बायकोला म्हणालो, "माह्याही छातीत दुखून राहिलं."

"छातीत नाही," ती म्हणाली, "पोटात दुखून राहिलं तुमच्या."

तेव्हाच मी ठरवलं. हृदयरोग आणायचा, आणि आणायचा तो साडूपेक्षा मोठा. दुसऱ्याच दिवशी मी भंडाऱ्याच्या डॉक्टरकडे जाऊन बसलो. बायको सोबत आली, म्हणजे पुढे साक्षीदार राहील.

डॉक्टर म्हातारे होते आणि बोलायला कंजूष. कुठं दुखतं, असं त्यांनी विचारलं. कुठंच दुखत नव्हतं, म्हणून मी साडूने दाखवली होती तीच जागा दाखवली. त्यांनी सदरा काढायला लावला, दंडाला पट्टा गुंडाळला, एका हाताने रबरी फुगा दाबत हवा भरायला लागले आणि दुसऱ्या हाताची बोटं माझ्या मनगटावर ठेवली. एवढ्यात माझ्या खांद्यावरचा दुपट्टा घसरला आणि नेमका आमच्या दोघांच्या हातांवर पडला.

आता तुम्हीच सांगा. वर दुपट्टा, खाली दुसऱ्याची बोटं, आणि समोर मयतीला आल्यासारखा चेहरा. त्यांनी तीन बोटं दाबली. माझं डोकं काही म्हणायच्या आत माझ्या हाताने दोन दाबली.

डॉक्टर थांबले. पुन्हा तीन दाबली. मी पुन्हा दोन दाबली, जरा जोरात.

"हाताले झटके येतात का यांच्या?" त्यांनी बायकोला विचारलं.

"झटके नाही जी. भाव पाडून राहिले ते."

डॉक्टरांनी दुपट्टा काढून घडी करून तिच्या हातात दिला आणि पुन्हा मोजलं. मग म्हणाले, "एकशे नव्वद."

"जास्त होते," मी म्हणालो. "काही कमी करा."

रोग मागायला आलो होतो आणि घासाघीस करत बसलो! सवय माणसाला कुठं नेऊन सोडेल याचा नेम नाही. मी स्वतःला सावरलं आणि विचारलं की, वरठीचा माझा साडू आहे, हार्टवाला, त्याच्यापेक्षा हे किती चढं?

"तो का? आला होता माझ्याकडं," डॉक्टर म्हणाले. "नागपूरच्या वायरीत काहीच निघालं नाही. गॅस होता. मी सांगितलं त्याले."

गॅस! माझा पाट, माझं मासोळीचं डोकं आणि सासूबाईंचा पंखा, सगळं एका वायूवर गेलं! मी ताडकन उठलो. डॉक्टरांनी खांदा दाबून खाली बसवलं आणि पट्ट्यात परत हवा भरली. आता आकडा आणखी वर होता. तो त्यांनी मला सांगितलाच नाही. मनगटावरची नस मात्र ते बोटांखाली बराच वेळ फिरवत राहिले.

"बैलाचं दावं नवं असताना मऊ असते ना?" ते म्हणाले. "मग उन्हापावसात ताठ होते. तुमची नस तशी झाली आहे. पट्ट्यानं रक्त थांबवलं, तरी बोटाले दोरीसारखी लागते. लागाले नको. नस ताठ झाली की काळजाले जास्त ओढावं लागते, आणि ते दुखत नाही, म्हणून माणसाले समजत नाही. एक दिवस बैल चालता चालता बसून जाते. तुम्ही वेळेवर आले. पाठवलं कोणी?"

साडूचं नाव कसं घेणार?

त्या दिवशी पुलावरून येताना माझ्या हातातली पिशवी बायकोने काढून घेतली. अर्ध्या पुलावर थांबून खाली वैनगंगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि एवढंच म्हणाली, "हळू चाला." पोटदुखीचा विषय तिने पुन्हा कधी काढला नाही. तेवढ्यानेच मी घाबरलो.

पुढच्या मंडईला पाट मला परत मिळाला. लोड मिळाला. पंखाही मिळाला. आणि समोर आलं बिनमिठाचं वरण, बिनतेलाची भाजी आणि सासूबाईंची नजर चुकवून ताटात आलेली लोणच्याची एक फोड. साडूचा गॅस आता बरा झाला होता. तो सतरंजीवर मांडी ठोकून बसला होता आणि तर्रीत पोहणारं मासोळीचं डोकं चोखत होता.

मला राहवलं नाही. मी दुपट्टा पसरला, त्याचा डावा हात खाली ओढला आणि बोटांनी बोली लावली: पाट घे, डोकं दे. तो गप्प. मी लोड चढवला. तरी गप्प. मी पंखा चढवला, वरून सबंध हृदयरोगही देऊ केला. (कारखान्यातला माणूस, त्याला बोटांची भाषा काय कळणार! हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं.)

"सासूबाई, लवकर या जी," साडू ओरडला. "मोठ्या जवायाच्या हाताले काही होऊन राहिलं!"

सासूबाई धावत आल्या. माझा चेहरा पाहिला, ताट पाहिलं आणि लोणच्याची फोड उचलून साडूच्या ताटात टाकली.

जन्मभर सौदे केले. पण हातचं लोणचं देऊन, बदल्यात काहीही न घेता, वर "आता बरं वाटून राहिलं" असं म्हणत उठलो, असा सौदा हा एकच.