काड्यांचे फोटो

फिटरला माणसांशी बोलता येत नाही, असं त्याचा साडू सांगत फिरायचा. साडू त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचा, शिवाय सोसायटीचा चेअरमन. त्यामुळे त्याचं म्हणणं जिन्यातून आपोआप खाली यायचं.

कारखान्यातली नोकरी संपल्यावर फिटरने इमारतीमागच्या पडीक तुकड्यात बाग केली होती. आता साडूला तिथे सिमेंट ओतून गाड्या लावायच्या होत्या. "तिथं उरलंय काय? काड्या!" रविवारच्या बैठकीत त्यावर मतं घ्यायची होती.

हंगाम सरला होता, हे खरंच. सूर्यफुलांनी माना टाकल्या होत्या, वालाच्या शेंगा वाळून खुळखुळत होत्या. पण त्यांतच बी धरत होतं. बैठकीतलं कोणी मागे फिरकायचं नाही, म्हणून रविवारी सकाळी फिटरने मुलीने टाकून दिलेला जुना कॅमेरा काढला. सेलचं झाकण रबरबँडने बांधलेलं. नवे सेल घालताच पडद्यावर कसलीशी विचारणा आली. चष्मा घरात होता. पडद्याने विचारणं थांबवेपर्यंत तो बटण दाबत राहिला.

बटण दाबलं की जरा वेळाने टक व्हायचं, तोवर वाऱ्याने फूल हललेलं. तो वाऱ्याला शिव्या घालत उकिडवा सरकत होता.

खिडकीतून बायको ओरडली, "जन्मात माझा एक फोटो काढला नाहीत! काड्यांचं बरं कौतुक!"

"काड्या बडबडत नाहीत."

संध्याकाळी बैठकीत त्याने छापून आणलेले फोटो पुढे सरकवले. साडूने पहिलाच उचलला आणि खो-खो हसला. कोपऱ्यात केशरी आकड्यांत जुनीपुराणी तारीख उमटली होती.

"हे बघा! तेव्हा तर साहेब कारखान्यात होते. कुणाची बाग उचलून आणलीत, साडूभाऊ?"

सगळे हसले. फिटरला पडद्यावरची ती विचारणा आठवली. तारीखच विचारली असणार, आणि तो नुसता बटण दाबत राहिला होता. बाग हातची गेली, एवढंच कळलं.

"थांबा हो," तळमजल्यावरची शिंपीणबाई म्हणाली. सुईत दोरा ओवावा तसा तिने एक फोटो डोळ्यांशी धरला. "शेंगांच्या मागं निळी ताडपत्री दिसतेय. काल संध्याकाळी तुमच्याच टेम्पोतून उतरली ना, चेअरमनसाहेब? ही गोणीही दिसतेय. सिमेंट त्या जुन्या तारखेलाच येऊन पडलं होतं की काय?"

हसू विरलं.

"आणि मतं आज घेताय?" मागून कोणीतरी विचारलं.

साडूने फोटो टेबलावर आपटला. हात वर झाले ते बागेच्या बाजूने. बागेच्या प्रेमापेक्षा साडूवरच्या रागानेच जास्त.

जिन्यात साडूने वाट अडवली. "आजपासून माझ्या दाराची बेल वाजवायची नाही."

"ती वाजतच नाही. मी दुरुस्त करत होतो तोवर वाजायची."

घरात बायकोने ताट आदळलं. "आता बहिणीला तोंड कसं दाखवू मी?"

"फोटो दाखव," फिटर म्हणाला, आणि बी उतरवायला रिकामा डबा घेऊन मागे गेला.