थांबासर आणि भुलाबाईची गाणी

सर्व्हरला हात लावायचा तर आधी तो बंद करायचा आणि मग उठून चहाला जायचं, हा आमच्या थांबासरांचा नेम होता. मलकापूरच्या आमच्या कॉलेजात ते संगणक विभाग सांभाळायचे, मी ग्रंथालयात कारकून आणि सर्व्हरच्या कामात त्यांचा मदतनीस. माझं बोट एंटरकडे गेलं की ते म्हणत, "थांब बे. कायले जीव खातं? आधी वाच." हळूहळू अख्खं कॉलेज त्यांना थांबासर म्हणू लागलं. त्यांनी हरकत घेतली नाही. तेवढा उत्साह त्यांच्यात मला कधी दिसलाच नाही.

त्या सर्व्हरवर भुलाबाईच्या, म्हणजे आमच्याकडच्या भोंडल्याच्या, गाण्यांचा संग्रह होता. सरांनी एसटीने गावोगाव फिरून म्हाताऱ्या बायांचे आवाज भरून आणले होते. त्यातल्या बऱ्याच जणी आता नाहीत. दुसरी प्रत असलेली डिस्क कधीच बिघडली होती, आणि नव्या डिस्कची मागणी तीन प्राचार्यांच्या टेबलांवरून फिरून अजून फिरतेच आहे.

संग्रहाचं सॉफ्टवेअर बदललं की आवाज ऐकवणारं प्लगइन नव्याने बसवावं लागे. जुनी फाइल काढा, नवी टाका, सर्व्हर सुरू करा. ऐकायला पाच मिनिटांचं काम, पण त्यात दिवस जायचा. पडद्यावर उमटणारी प्रत्येक ओळ सर बोट ठेवून वाचत. मला कंटाळा यायचा. त्यांनाही येत असणार, पण त्यांनी एक ओळ सोडली नाही.

सर निवृत्त झाले आणि आजारपणाने मेहकरला घरीच पडून राहिले. पुढचं प्लगइन मी एकट्यानेच बसवलं. जन्म कारकुनीत गेलेला. जुना कागद फेकायला हात धजत नाही. जुन्या फाइलच्या नावापुढे 'जुने' लिहिलं आणि नवी तिच्या शेजारी ठेवली. सर्व्हर सुरू केला तर संग्रहच उघडेना. गाणी गेली, असंच वाटलं. मी सरांना फोन लावला.

"जुन्या फायलीचं काय केलं?"

"नाव बदललं सर. 'जुने' लिहिलं."

"अन् ठेवली कुठी?"

"तिथंच."

सर बराच वेळ खोकले, की हसले, कळलं नाही. "अबे, त्याले जुनं-नवं काय समजते? फोल्डरात दिसते ते उचलते. दोन्ही उचलून राह्यला तो. बंद कर, जुनी बाहेर काढ. गाणे कुठी गेले नाहीत."

तसं केलं, आणि संग्रह उघडला. मी खुर्चीत मागे टेकलो.

"धाड गावचं सतरा नंबर लाव बरं," सर म्हणाले.

मी फोन स्पीकरजवळ धरला. एक म्हातारी चिरक्या आवाजात गात होती. दोन कडवी झाली असतील.

"बंद कर," सर म्हणाले. "बाकीच्यायचे गाणे लागतात का पाह्य."

दोन महिन्यांनी सर गेले. नंतर एकदा मी सतरावी नोंद उघडली. गायिकेचं नाव, गाव धाड, आणि संकलक म्हणून सरांचं नाव. पुढे कंसात लिहिलं होतं: मुलगा. इतक्या वर्षांत त्यांनी मला हे कधी सांगितलं नाही, आणि आईचं गाणं एकदाच लावायला सांगितलं, तेही पुरतं ऐकलं नाही. मी ते शेवटपर्यंत लावलं. ग्रंथालय बंद करायची वेळ झाली होती, पण मला उठवेना.