त्रेचाळीसवर रिपोर्ट होत नाही

आत्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते त्यांच्यामुळे सामना थांबला तेव्हा.

आमच्या शाळेच्या मुलींचा बास्केटबॉलचा सामना होता. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मुलींबरोबर एक शिक्षिका असायलाच हवी असा नियम होता आणि त्या वर्षी तो माझ्या गळ्यात पडला होता. राखीव मुलींच्या बाकाच्या टोकाला बसून मी पाण्याच्या बाटल्या सांभाळायचे आणि निबंधाच्या वह्या तपासायचे. त्या दिवशी आमच्या मुलीला फाउलचा मोकळा नेम मिळाला होता. ती चेंडू धरून उभी होती, सगळं सभागृह चिडीचूप होतं, आणि एकदम घंटा वाजली. खणखणीत, एकदाच. रेफरीने हात वर केला. घड्याळाच्या टेबलावरच्या माणसाने दोन्ही तळहात दाखवून आपण त्यातले नव्हे असं कळवलं. मग सगळ्यांच्या माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या. तिथे पन्नाशीच्या एक बारीकशा बाई मांडीवर लोखंडी डबा घेऊन बसल्या होत्या. डब्याला टाइपरायटरसारखी बटणं होती. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, डब्याची कळ फिरवून आकडे शून्यावर आणले आणि रेफरीला म्हणाल्या, "शंभर झाले. तुमचं चालू द्या."

रेफरी त्यांना काही बोलला नाही. मला बोलला. आमच्या मुलीचा नेम चुकला.

परत येताना मुलींनी सांगितलं की त्या हवालदारच्या आत्या. हवालदार म्हणजे आमच्या संघातली सर्वांत बुटकी मुलगी. ती पॉइंट गार्ड होती, म्हणजे चेंडू घेऊन पुढे यायचं, कोणी कुठे पळायचं ते ठरवायचं आणि जी मोकळी असेल तिला पास द्यायचा, हे तिचं काम. एका हाताने चेंडू आपटत दुसऱ्या हाताने ती चौकातल्या पोलिसासारखे इशारे करायची, म्हणून हवालदार. वर्गातही ती तशीच होती. फळा कोणी पुसायचा, खिडकी कोणी उघडायची, हे तिने ठरवलेलं असायचं, आणि खरं सांगायचं तर बरोबर ठरवलेलं असायचं.

आत्या अविवाहित, भावाच्या घरी राहायच्या आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करायच्या. खिडकीजवळ सूक्ष्मदर्शक, शेजारी वाळत ठेवलेल्या काचपट्ट्या, मागे सतत गुरगुरणारा फ्रिज आणि एक उंच स्टूल, एवढंच त्यांचं राज्य. तीस वर्षं त्या स्टुलावर बसून त्यांनी लोकांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजल्या. डोळा काचेला लावलेला आणि डावा हात डब्यावर. पेशीच्या प्रत्येक जातीला एक बटण. शंभर पेशी झाल्या की डबा घंटा वाजवतो. मग कुठली जात शंभरात किती, ते लिहायचं. पुढे एक यंत्र आलं आणि ते हेच काम मिनिटात करू लागलं. डॉक्टरांनी जुना डबा त्यांना देऊन टाकला. त्यांनी तो घरी नेला, तेल घातलं आणि भाचीच्या सामन्याला घेऊन आल्या.

त्यांचे नियम दोनच होते. शंभर झाल्याशिवाय रिपोर्ट नाही, आणि रिपोर्टमध्ये नातं नाही. भावाची साखर तपासायची होती तेव्हा भाऊ शपथेवर म्हणाला की रात्रीपासून फक्त पाणी प्यालोय. आत्यांनी रिपोर्ट दिला आणि खाली शेरा लिहिला, "पाणी गोड असावे." तो कागद वहिनींनी फ्रिजच्या दारावर चिकटवला आणि पुढे वर्षभर काढला नाही.

आता त्या सामना का मोजत होत्या, ते सांगते. आंतरशालेय स्पर्धा पाच आठवड्यांवर आली होती. आमच्या क्रीडाशिक्षकांना मुली शिट्टीसर म्हणत, कारण शिट्टी तोंडातून काढायच्या आधीच ते बोलायला लागायचे. तर शिट्टीसरांनी सांगून टाकलं होतं की हवालदारने तीन सामन्यांत मिळून दोन गुण केलेत. स्पर्धेत तिच्या जागी नवी मुलगी खेळेल. ही नवी मुलगी इतकी उंच होती की तिचं नाव पहिल्याच दिवशी शिडी पडलं. हवालदार घरी गेली, बूट खोक्यात घालून माळ्यावर टाकले आणि जेवली नाही. आत्यांनी ते खोकं खाली काढलं, आणि त्याबरोबर डबाही.

त्यांनी ज्याची मोजणी केली त्याला त्या चढाई म्हणत. चेंडू आपल्या हातात आला की चढाई सुरू. बास्केट पडलं, नेम चुकला, चेंडू गेला किंवा फाउल मिळाला की संपली. चार बटणं. उजव्या हाताने वहीत गुणांचा हिशोब. चार सामने मोजून त्या शाळेत आल्या तेव्हा मी शिक्षकांच्या खोलीतच होते. रिपोर्ट लॅबच्या कागदावर होता. नाव, वय, लिंग, नमुन्याचा प्रकार: सामना. निष्कर्ष असा, की हवालदार मैदानावर असताना दर शंभर चढायांमागे आपला संघ तेरा गुणांनी पुढे असतो. खाली आणखी एक ओळ होती. हवालदारने जिला पास दिला, तिने जिला पास दिला आणि तिने बास्केट केलं, अशी बास्केटं एकोणीस.

शिट्टीसर म्हणाले, असं मागे मागे जात राहिलात तर शेवटी चेंडू शिवणाऱ्याला श्रेय द्यावं लागेल. मग त्यांनी कागद खाली ठेवला आणि एक वाक्य असं बोलले की आत्यांचा चेहराच उतरला.

"मॅडम, ही खेळते तेव्हा बाकीच्या चार चांगल्या मुलीही खेळतात. ते तेरा त्यांचे नसतील कशावरून?"

आत्यांनी कागद उचलून पुन्हा वाचला. लॅबमध्ये रोज सकाळी त्या आधी, ज्याचे आकडे ठाऊक आहेत असा एक नमुना तपासायच्या, मगच रोग्यांचे. तुलनेला काही नसेल तर आकड्याला अर्थ नसतो, हे त्यांना शिट्टीसरांपेक्षा जास्त कळत होतं. हवालदार दाराशी उभी होती, आत्या आता सरांना कसं उत्तर देते ते ऐकायला आतुर.

"बरोबर आहे तुमचं," आत्या म्हणाल्या. "मग दोन सामने हिला बसवा."

हवालदार तीन दिवस आत्यांशी बोलली नाही. म्हणजे बोलत होती, पण आईमार्फत. आत्याला सांग पंखा बंद कर, आत्याला विचार माझी वही पाहिली का. मध्ये आत्या समोरच बसलेल्या. चौथ्या दिवशी वहिनींनी मधलं टपाल बंद केलं आणि वर नणंदेला ऐकवलं, की आतापर्यंत शेजारपाजारचे लोक तुमच्या सुईला घाबरत होते, आता घरचेही घाबरतात.

दोन सराव सामने झाले. हवालदार बाकावर, शिडी मैदानात. दुसऱ्या सामन्यात घंटा वाजली, आणि आत्यांनी त्याच संध्याकाळी रिपोर्ट लिहिला. हवालदारशिवाय, दर शंभर चढायांमागे संघ बारा गुणांनी पुढे. शेरा: "लक्षणीय फरक नाही."

तेरा आणि बारा. त्यांनी तो कागद आधी भाचीच्या हातात दिला. एक गुण इकडचा तिकडे करायला त्यांना कोण अडवणार होतं? पण त्यांच्या हाताला ती सवयच नव्हती. हवालदारने कागद वाचला, घडी घातली आणि झोपायला गेली. वहिनींनी यावेळी टोमणा मारला नाही, त्यावरून घरात काय झालं असेल ते समजून घ्यावं. दुसऱ्या दिवशी शिट्टीसरांनी नव्या संघाची यादी फलकावर लावली. पॉइंट गार्डपुढे शिडीचं नाव होतं.

त्याच दिवशी माझ्या तासाला मी हवालदारला धडा वाचायला सांगितलं, तर तिच्या तोंडातून नुसती हवा आली. मला वाटलं पोरीने रडून घसा बसवून घेतला. तसं मी म्हटलंही. मागच्या बाकावर खसखस पिकली.

दोन दिवसांनी मी माझं हिमोग्लोबिन तपासायला लॅबमध्ये गेले. आत्यांनी दंडाला रबर बांधलं, शीर शोधली, सुई उचलली. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, पोरीचा आवाज अजून आला नाही हो.

सुई तिथेच थांबली. रिपोर्टनंतर हवालदारने त्यांच्याशी पुन्हा अबोला धरला होता. "कशाने बसला?"

मी सांगितलं. मुलींकडून मला मग सगळं कळलं होतं. दोन्ही सामने हवालदार बाकावरून ओरडत होती. शिडी, डावीकडे. शिडी, थांब, मागे कोणी नाही. शिडी, आता दे. चेंडू शिडीच्या हातात होता, पण संघ बाकावरून चालला होता. मी तर तिच्यापासून चार हातांवर बसले होते. मला कसं कळलं नाही, असं कोणी विचारेल. अठ्ठावीस वर्षं शिकवल्यावर मुलींचं ओरडणं ऐकू न येण्याची विद्या आपोआप येते. आणि आत्यांना का कळलं नाही? कारण मोजताना काचेबाहेर बघायचं नसतं. त्यांची नजर चेंडूवरून हलली नव्हती, आणि सभागृहातल्या शंभर आवाजांत एक आवाज त्यांनी वेगळा काढलाच नव्हता.

"म्हणजे तुलनेच्या नमुन्यात हीच मिसळली होती," आत्या म्हणाल्या. "बाई, मी पोरीचा चुकीचा रिपोर्ट दिला. तीस वर्षांत पहिला."

मी म्हटलं, तो बदलता येईल, पण आधी माझ्या दंडाचं रबर सोडा. बोटं निळी पडली होती.

त्या तशाच पांढऱ्या कोटात शाळेत आल्या आणि शिट्टीसरांना म्हणाल्या की आधीचा नमुना बाद, नवा घ्यायचा आहे. स्पर्धेआधीच्या शनिवारी दोन सराव सामने ठरलेच होते, एक सकाळी, एक दुपारी. हवालदार संघात नव्हतीच. ती बाकावर बसली काय आणि दुसरीकडे बसली काय, सरांना फरक पडत नव्हता. ते हो म्हणाले. सभागृहामागे सायकली ठेवायची शेड होती. तिथे तिला बसवायचं आणि पहाऱ्याला मी, असं ठरलं.

हवालदारचा आवाज तोवर परतला होता. आत्यांशी ती थेट बोलली ती तेव्हाच. "मी बाकावर गप्प बसेन ना."

"नाही बसणार," आत्या म्हणाल्या. "तू आपल्या घरातली आहेस."

तर आम्ही दोघी सायकलींमध्ये बसलो. मी वह्या काढल्या. भिंतीपलीकडून चेंडूचा आवाज येत होता आणि हवालदार मान वाकडी करून ऐकत होती. थोड्या वेळाने म्हणाली, शिडी एकाच जागी चेंडू आपटतेय. मग शिट्टी. "पाय घसरवला चेंडू हातात धरून." परत शिट्टी. "परत तेच. बाई, एकदाच जाऊन येऊ?" मी नाही म्हटलं. तिने एका सायकलची घंटी चार वेळा वाजवली, सीट पुसली, शेवटी माझं लाल पेन घेऊन शुद्धलेखन तपासायला बसली आणि स्वतःच्याच मैत्रिणीचे चार गुण कापले.

सकाळच्याच सामन्याच्या तिसऱ्या सत्रात सभागृहाचं मागचं दार धाडकन उघडलं आणि शिडी बाहेर आली. टाइमआउट झाला होता. घामाने निथळत होती, चेंडू अजून काखेत होता. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

"हवालदार, मी कुठे जाऊ?" ती म्हणाली. बिचारी रडायच्या बेतात होती. "सगळ्या माझ्याकडे बघतात. मला कोणाकडे बघायचं तेच कळत नाही."

हवालदार उठली, आणि सायकलींच्या रांगेकडे बोट दाखवून तिला सांगू लागली. ही लाल सायकल तू, ती निळी मी. शिडीच्या मागोमाग शिट्टीसर दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. शिट्टी तोंडातून काढून गळ्यात सोडली. त्यांच्यामागे डबा सांभाळत आत्या आल्या.

"मॅडम, राहू द्या रिपोर्ट," सर म्हणाले. "मला कळलं."

आत्यांनी डब्यावरचा आकडा पाहिला. आमचा संघ सतरा गुणांनी मागे होता, ते त्यांच्या वहीत लिहिलेलं होतं. पण त्या म्हणाल्या, "त्रेचाळीसवर रिपोर्ट होत नाही."

"अहो, पण मला पुरे आहे ना."

"तुम्हाला पुरे असेल. मला अजून सत्तावन्न हव्यात."

"आत्या," हवालदार म्हणाली, "एकदा नुसतं म्हण ना, मी चांगली खेळते."

आत्यांनी भाचीकडे पाहिलं. घरी एवढं सगळं होऊन, तीन आठवड्यांनी तिने स्वतःहून काही मागितलं होतं. मला वाटलं आता म्हणतील. त्यांनी रुमाल काढला, हवालदारच्या नाकावर लागलेली लाल शाई पुसली आणि म्हणाल्या, "आत जा. टाइमआउट संपला."

ती गेली. शिडी तिच्यामागे. सरांनी उरलेला सामना आणि दुपारचाही दोघींना एकत्र खेळवलं आणि सोमवारी फलकावरची यादी बदलली. स्पर्धेत आमचा संघ तिसरा आला. ते सामने आत्यांनी सगळे मोजले, पण हवालदार मैदानाबाहेर पुन्हा बसली नाही, त्यामुळे त्या सत्तावन्न चढाया त्यांना मिळाल्या नाहीत. वहीत त्या पानावर त्रेचाळीस लिहिलेलं आहे आणि पुढची रेघ कोरी आहे. हवालदार ते पान येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची आणि सांगायची, माझा रिपोर्ट अजून यायचा आहे. आता ती दुसऱ्या शहरात नोकरी करते आणि फोनवर आधी रिपोर्टचंच विचारते.

आत्या लॅबमधून निवृत्त झाल्या. शाळेच्या सामन्यांना त्या गुणलेखकाच्या टेबलावर बसतात, डबा समोर ठेवून. रेफरीच्या अटीवरून त्याच्या घंटेत कापसाचा बोळा घातलेला आहे. तो त्या दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बदलतात.