रुमालाखालचा गार हात

बैलांच्या व्यापारात दगडूने भागीदार असूनही काही वर्षांपूर्वी मला फसवलं. माझी सगळी गिऱ्हाइकं पळवली.

काल बैलबाजारात रिवाजाप्रमाणे, भाव इतरांना कळू नये म्हणून रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून मी एका म्हाताऱ्याशी भाव करत होतो. ट्रकचा हॉर्न वाजला, त्याचा बैल बुजला आणि थोड्याच वेळात पुन्हा रवंथ करू लागला. तेवढ्यात समोरून दगडू हसत गेला. म्हातारा म्हणाला, "शेठ, बैल शांत झाला की! मग तुमचा हात का गार पडला?"

डॉक्टर सांगतात, संकट दिसलं की शरीर रक्तात तणावाचे हार्मोन सोडतं, हात गार पडतात. संकट टळलं की ते ओसरतात. माझे वर्षानुवर्षं ओसरलेच नाहीत. झोप गेली, रक्तदाब चढला.

रुमालाने भाव झाकला, पण हाताचा गारवा म्हाताऱ्याला कळलाच. दगडू, गिऱ्हाइकं तूच ठेव. या गार हाताचा जाब दे.