मऊ आवाजात सांगितलेलं

माझी बायको वारली, पण तिलासुद्धा मी हे कधी सांगितलं नाही. आज तुम्हाला सांगतोय— तुम्हालाच का, ते विचारू नका.

महाराजांच्या राज्यात शेतकऱ्यांची पोरं कचेरीत लागू लागली, तेव्हाची गोष्ट. मी नेसरीहून कोल्हापुरात आलो, खोली घेतली. शेजारी पुण्याचे एक मास्तर आणि त्यांची तरुण बायको. मास्तरांचं ठाम मत होतं— भाषेचा जसा आवाज, तसा माणूस. तुमची भाषा खडबडीत, म्हणून तुम्ही राकट. आमची मृदू, म्हणून आम्ही सुसंस्कृत. मी ऐकून घ्यायचो. पण एकदा माझे वडील तांदळाचं पोतं घेऊन आले आणि मास्तरांना बघून मोठ्यानं म्हणाले, "काय पावणं, जेवलासा न्हवं?" मास्तरांनी चारचौघांत त्यांची नक्कल केली. सगळे हसले. वडीलही हसले— आणि पुन्हा कधी कोल्हापुरात आले नाहीत. हे मी विसरणार होतो होय?

पलीकडच्या खोलीत आमिनाबी राहायची, सुईण. अख्ख्या पेठेतली बाळंतपणं तिच्या हातची. मास्तरांच्या बायकोला दिवस गेले आणि आमिनाबीला त्या पोरीचा लळा लागला. लळा लागला की आमची माणसं काय करतात? शिव्या देतात. "ए भवाने, मरायला निघालीस व्हय एवढी घागर घिऊन? ठेव खाली!" पोरगी थरथर कापायची. शेवटी मास्तरांनी मलाच विचारलं— ही बाई आमच्यावर एवढी का चिडते?

खरं काय ते एका वाक्यात सांगता आलं असतं. आमच्याकडं ज्याच्यावर राग असतो, त्याच्याशीच माणूस हळू, जपून बोलतो. पण मी— मी आवाज खाली आणला. अगदी मास्तरांसारखा. म्हटलं, "अहो, तिचा तुमच्यावर फार राग आहे. वहिनींना जरा लांबच ठेवा हो." त्यांना लगेच पटलं. इतकं मऊ बोलणारा माणूस खोटं कशाला बोलेल?

मग एका दुपारी, मास्तर शाळेत असताना, तिला कळा सुरू झाल्या. फार आधी. आमिनाबी भिंतीपलीकडंच भाकऱ्या थापत होती. पोरीनं तोंडात पदर कोंबला, पण हाक मारली नाही. नवऱ्यानं बजावलं होतं ना! मास्तर परतले तेव्हा ती कशीबशी शुद्धीवर होती. मूल गेलं होतं.

आमिनाबीला कळलं तशी ती रडत त्यांच्या दारात आली. "मला हाक माराय जीभ झडलीती व्हय गं तुझी!" मास्तरांना वाटलं, ही आतासुद्धा शिव्याच देतेय. त्यांनी तिच्या तोंडावर दार लावलं. ती तिथंच उंबऱ्याशी बसली, कपाळ बडवत. मी हाताच्या अंतरावर उभा होतो. अजूनही सांगता आलं असतं.

तुम्हाला वाटेल, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असेल. झालं— पण ते पुढं, बऱ्याच वर्षांनी. त्या दिवशी त्या बंद दाराकडं बघत मी मनात एवढंच म्हणालो— बरी जिरली मास्तरांची.