मिटलेले डोळे उघडून मिळतील

आमच्या काकांइतका मिटलेल्या डोळ्यांचा हाडवैरी अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात सापडायचा नाही. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. लोकांच्या लग्नाचे फोटो काढण्यात त्यांचा जन्म गेला. स्टुडिओ बंद केल्यावर निगेटिव्हचे डबे घरी आले आणि मागच्या खोलीत स्कॅनर, कॉम्प्युटर आणि प्रिंटर यांचा संसार थाटला गेला. तेव्हापासून टेंभुर्णी ते होटगी, ज्या ज्या वऱ्हाड्याने त्यांच्या कॅमेऱ्यासमोर डोळे मिटले होते, त्याचे डोळे उघडायचा त्यांनी विडाच उचलला. कुणी मागितलेले नसते. "बटण मी दाबलं तवा मिटले. म्हंजे चूक माझीच की," असे त्यांचे म्हणणे.

त्या खोलीत बसणे हे एक दिव्यच. निगेटिव्हवर धूळ बसू नये म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद, खिडकीवर चादर आणि बाहेर सोलापूरचा मे महिना. स्क्रीनवर धुळीचा कण लिंबाएवढा दिसतो, म्हणून पाहुण्याला शिंक आली तर त्याने अंगणात पळायचे. मी एकदा रुमालाने वारा घेऊ लागलो, तर म्हणाले, "घाम पूस, पण वारा घालू नको." पुसायची परवानगी होती, तेवढेच नशीब.

डोळे उघडायची रीत अशी, की त्याच माणसाचे उघडे डोळे दुसऱ्या फोटोतून उचलून इथे बसवायचे. दुसरा फोटो नसला तर काका नात्यात शोधतात. माळशिरसच्या एका नवरदेवाला त्यांनी त्याच्या धाकट्या भावाचे डोळे लावले, झकास प्रिंट काढली, फ्रेम केली आणि एसटीने स्वतः नेऊन दिली. त्या वेळची नवरी आता आजी झाली आहे. तिने फोटो हातात घेतला, चष्मा पुसून पुन्हा बघितला आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"हे तर धाकल्या भावजींचं डोळं हायत," ती म्हणाली. "त्यांच्यासंगं माझं लगीन न्हाय झालं."

काका फ्रेम काखोटीला मारून परत आले. चहा मात्र दोनदा मिळाला, हे अजून सांगतात.

गेल्या वर्षी मावशी गेली. भिंतीवर लावायला फोटो हवा होता आणि तिच्या एकाही फोटोत डोळे उघडे निघेनात. फ्लॅश उडाला की तिची पापणी पडायचीच. दोघी बहिणींचे डोळे अगदी सारखे, म्हणून आई म्हणाली, "माझे लावा की दाजी." काकांनी लावले. सगळ्यांनी हुबेहूब म्हणून वाखाणले, फोटो भिंतीवर चढला.

वर्षश्राद्धाला गेलो, तर त्या जागी दुसराच फोटो होता. त्यात मावशी डोळे मिटून हसत होती. मागच्या खोलीत जाऊन मी काकांना विचारले. ते ब्रशने निगेटिव्हवरची धूळ झटकत होते.

"तुझ्या आईचं डोळं लई झ्याक बसलं व्हतं," ते म्हणाले. "पण दाजी म्हनून हाक मारल्यागत बघायची रे माझ्याकडं." मग ब्रश खाली ठेवला. "हिचं डोळं बटण दाबस्तोवर उघडंच असायचं. कॅमेऱ्यातनं माझ्याकडंच बघायची की. फोटोत न्हाय आलं, पण मी बघितलंय."

मला मावशीची फार आठवण आली. पंखा बंदच होता. मी रुमाल काढला आणि नुसता चेहरा पुसला.