मामींनी उचललेलं विमान

मामी कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवत नसत. त्यांना वस्तू हातात घेऊन बघायला लागे. वांगं किडकं आहे की चांगलं, हे बाकीच्या बायका बघून सांगायच्या, मामी दाबून सांगायच्या. विस्तव विझला म्हटलं तर राखेत बोट घालायच्या. मला मागणी घालायला त्या माझ्या माहेरी, रिठदला आल्या, तेव्हा माझ्या वडिलांनी माझ्या कामाचं बरंच कौतुक केलं. मामींनी सगळं ऐकलं, मला जवळ बोलावलं, माझा तळवा उलटा करून त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "तुमी सांगतलं ते ऐकलं. आता मले समजलं."

मामी म्हणजे माझ्या सासूबाई. वाशीमच्या बाहेर त्यांचा भाजीचा मळा होता. सासरे मी येण्याआधीच गेले होते. मोट मामी हाकायच्या, वाफे मामी भरायच्या आणि डोक्यावर टोपलं घेऊन बाजारातही मामीच जायच्या. त्यांना एकच मुलगा, गणपत. त्याला मातीचा कंटाळा होता. तो गावातल्या कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिनावर काम करायचा आणि घरी आला की हाताला तेलाचा वास यायचा. मामी नाक मुरडायच्या, पण त्याच्या पुढ्यातली भाकरी स्वतः मोडून द्यायच्या. "तुह्या हाताचं तेल पोटात जाईन," असं म्हणायच्या. बायकोसमोर आईनं अशी भाकरी मोडून द्यावी याची त्याला लाज वाटायची, आणि मला हसू यायचं.

लढाई सुरू झाली आणि गणपत विमानखात्यात मिस्त्री म्हणून भरती झाला. विचारलं कुणालाच नाही. नाव घालून आला आणि मग सांगितलं. मामी त्या दिवशी जेवल्या नाहीत. पुढं तो एकदा रजेवर आला तेव्हा मामींनी त्याला ओसरीवर समोर बसवलं.

"ते इमान असते कसं?"

"लोखंडाचं असते माय. आगगाडीच्या डब्यावानी. आत बसलं का आंगणात बसल्यासारखं वाटते."

"पडत नाई?"

"लोखंड कसं पडन? तू बी काई बोलतं!"

मामींनी विमान कधी जवळून पाहिलं नव्हतं. मळ्यावरून एखादं जायचं ते फार उंचावरून, घारीएवढं. पण मुलाच्या या एका सांगण्यावर त्यांनी विश्वास ठेवला. हात न लावता त्यांनी खरी मानलेली मला माहीत असलेली ती एकच गोष्ट.

नंतरच्या पावसाळ्यात कचेरीतला माणूस मळ्यात आला. पूर्वेकडच्या जंगलावरून जाताना गणपत ज्यात बसला होता ते विमान बेपत्ता झालं, आतल्या कुणाचाच पत्ता नाही, असं त्यानं सांगितलं. मी विहिरीच्या काठावर बसून रडायला लागले. मामी मात्र त्याच्याशी भांडायला लागल्या. "लोखंडाचा डबा हरपन कसा? नांगराचा फाळ वावरात पडला तरी पुढच्या साली सापडते. तुमाले पाह्यता येत नाई म्हून सांगा." तो बिचारा मान खाली घालून निघून गेला.

त्या दिवसापासून त्यांचं एकच म्हणणं सुरू झालं, "हरपला हाय, मेला नाई." समाचाराला आलेल्या बायकांना त्या बसूच देत नसत. पदरात चार वांगी टाकायच्या आणि बांधापर्यंत पोचवून यायच्या. माझ्या डोळ्यांत पाणी दिसलं की खेकसायच्या, "जित्या मानसासाठी काहून रडतं?" मी कुंकू लावत होते, बांगड्या भरत होते. गावातल्या बायका माझ्याकडं अशा बघायच्या, जसं काही मी चोरीचं लुगडं नेसले आहे. मला सधवांच्या हळदीकुंकवाला बोलवत नसत, विधवेसारखं लांबही ठेवत नसत. लढाई संपली, आसपासच्या गावांतली पोरं परत आली, तरी मामी मोट हाकताना वाटेकडं बघत राहायच्या. बैल थांबले तरी त्यांच्या लक्षात यायचं नाही.

लढाई संपल्यावरच्या दुसऱ्या हिवाळ्यात, हरभरा घाट्यावर आला असताना, वाशीमला विमानांचे खेळ आले. लढाईतून सुटून आलेले काही वैमानिक गावोगाव फिरून ते खेळ करत. मालेगावच्या रस्त्याला गवताचं मोठं रान साफ करून त्यांनी दोन विमानं उतरवली होती. बाजारात ही बातमी कळताच मामींनी टोपलं तिथंच शेजारणीच्या हवाली केलं. घरी आल्या आणि म्हणाल्या, "चाल. मले पाह्यचं हाय."

आम्ही बैलांच्या दमणीतून गेलो. जत्रेसारखी गर्दी उसळली होती. कुणी झाडावर चढलेलं, कुणी बैलगाडीवर उभं. मोठं विमान वर कोलांट्या मारत होतं आणि लोक ओरडत होते. मामींनी वर पाहिलंच नाही. दुसरं विमान खाली गवतात उभं होतं, त्याच्याकडं त्या सरळ चालत गेल्या.

ते फार लहान होतं. रंगीत, बैलपोळ्याला सजवल्यासारखं, एकाच माणसाला बसता येईल एवढं. त्याच्याजवळ एक उंच, सावळा माणूस हातात कर्णा घेऊन उभा होता आणि लोकांना सांगत होता, की याचे सुटे भाग परदेशातून खोक्यांत भरून आले आणि ते त्यानं स्वतःच्या घरी, स्वतःच्या हातानं जोडले. लोकांना ते खरं वाटत नव्हतं. मामी दोरी ओलांडून आत शिरल्या. एक शिपाई धावला, पण त्या माणसानं त्याला हातानं थांबवलं.

मामींनी विमानाच्या पंखावर तळवा ठेवला. मग झटका बसल्यासारखा काढला. पुन्हा ठेवला आणि दाबला. पंख थोडा आत गेला.

"हे कापड हाय?"

"हो आई. आत लाकडाच्या पट्ट्या, वरून कापड ताणून रंग दिलाय."

"लोखंड कोठी हाय?"

"इंजिनात आहे थोडं. बाकी जड करून चालत नाही, उडणार नाही." मग कौतुकानं तो म्हणाला, "ही शेपटी उचलून बघा. तुम्हालाही उचलेल."

मामींनी वाकून शेपटीला दोन्ही हात घातले. आयुष्यभर टोपली उचललेली बाई ती. विमानाची शेपटी सहज वर आली. लोक हसले, कुणी टाळ्या वाजवल्या. मामी ती तशीच धरून उभ्या राहिल्या.

"लढाईतले बी असेच?" त्यांनी विचारलं.

आता त्या माणसाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यानं आधी मामींकडं, मग माझ्याकडं पाहिलं. "ते मोठे असतात, आई. पत्र्याचे. पण पत्राही पातळच असतो."

"किती पातय?"

जवळ पडलेला तेलाचा रिकामा डबा त्यानं उचलला आणि मामींच्या हातात दिला. मामींनी शेपटी हळूच खाली ठेवली. डब्याला अंगठा लावला. पत्रा टक्‌ करून आत गेला.

"कोण होतं तुमचं?" त्यानं हलक्या आवाजात विचारलं.

"लेक," मामी म्हणाल्या. 'होता' म्हणाल्या नाहीत, 'आहे' म्हणाल्या नाहीत.

थोड्या वेळानं तेच विमान भुर्रकन गवतावरून धावलं आणि उडालं. सगळं रान वर बघत होतं. मामी गवतात बसल्या होत्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. दोन वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. आवाज नव्हता. तोंडात पदर कोंबला होता.

वाटेत दमणीत त्या एवढंच म्हणाल्या, "मले भेव वाटू नाई म्हून खोटं बोलला पोरगा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गणपतला अग्नी द्यायला या, असा भाऊबंदांना निरोप दिला. कोणी आलं नाही. जिवंत असला आणि आपण त्याला अग्नी दिला तर पाप लागेल, असं सगळ्यांचं म्हणणं. मग मामी एकट्या जाऊन पळसाची पानं तोडून घेऊन आल्या. मळ्याच्या कडेला बसून आम्ही दोघींनी त्या पानांचा पुतळा बांधला, देह सापडत नाही त्याच्यासाठी बांधतात तसा. मामींनी त्याला गणपतचा जिनिंगमधला सदरा घातला, बटणं लावली, बाह्या सरळ केल्या. "म्या जन्म देल्ला, म्याच अग्नी देतो," म्हणाल्या आणि दिला. पानं ओली होती, धूर फार झाला. मामी धुरातून हलल्या नाहीत.

परत आल्यावर त्यांनी माझ्या हाताला तेल लावलं आणि एकेक करून बांगड्या उतरवल्या. एकही फोडली नाही. "आता आनखी काही फोडाचं नाई," म्हणाल्या.

उन्हाळ्यात त्यांनी माझ्यासाठी जवळच्याच मालेगावचं स्थळ काढलं. माणूस बिजवर होता, थोडी शेती होती. आमच्यात विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागत असे, पण सुनेचा पाट सासूनं लावून द्यावा असं कुणी ऐकलं नव्हतं. मी नाही म्हणाले. मळा सोडणार नाही म्हणाले. तुमचं कोण करील, असं विचारलं.

मामी वाफ्यात बसून तण काढत होत्या. मान वर न करता बोलल्या, "तू समोर असली का मले रडता येत नाई. तुह्याकडं पाह्यलं का थो दिसते. जाय बाई. मले रडू दे."

पाटाच्या दिवशी माझ्या आईवडिलांच्या जागी त्या बसल्या. माझा हात त्यांनी स्वतः त्या माणसाच्या हातात दिला.

मला मुलगा झाला तेव्हा त्या एकदाच मालेगावला आल्या. मला त्याचं नाव गणपत ठेवायचं होतं. मामींनी पोराला मांडीवर घेतलं, बराच वेळ बघितलं आणि नको म्हणाल्या. "त्याचं ओझं याच्यावर काहून टाकतं? याले याच्यापुरतं जगू दे." चहासुद्धा न घेता परत गेल्या.

त्यानंतर फार दिवस राहिल्या नाहीत. भर वैशाखात मोटेजवळ बसल्या त्या उठल्याच नाहीत. निरोप मिळताच माझे मालक, ज्यांच्याशी मामींनी माझा पाट लावला ते, बैल जुंपून मला घेऊन निघाले. आम्ही पोचलो तेव्हा भाऊबंद जमले होते आणि अग्नी कुणी द्यायचा यावर बोलणं अडलं होतं. जो तो दुसऱ्याकडं बोट दाखवत होता. माझे मालक विहिरीवर गेले, अंगावर पाणी ओतून घेतलं आणि ओल्या धोतरानंच तिरडीच्या पुढं येऊन उभे राहिले.

एकानं विचारलं, "तुमी कोन बुढीचे?"

ते म्हणाले, "जावई."